सहकारी अनुताई

स्मरणग्रंथ म्हटला की मराठीत काही विशेषणे न बोलावता येऊन बसतात. त्यागमूर्ती, सेवाव्रती, निःस्वार्थी. आणि जिच्याविषयी लिहायचे ती बाई असेल तर माउली. बोर्डी-कोसबाडच्या वारली पाड्यांत बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या अनुताई वाघ यांच्या वाट्याला यांतले एकही विशेषण यायचे राहिलेले नाही. त्यामुळे त्यांच्याबरोबर काम केलेल्या माणसांच्या आठवणींचा हा संग्रह प्रस्तावनेसाठी हाती आला, तेव्हा मनात थोडी धास्ती होती. वाचत गेले तशी ती ओसरली. एकत्र राबलेल्या माणसाला सहसा थोरवी आठवत नाही, काम आठवते. वर्ग कुठे भरत असे, पावसाळ्यात काय होई, कुठल्या पाड्यावरची मुले लवकर रुळत आणि कुठली पळून जात, हे त्याला आठवते. अनुताईंना ओळखायचे असेल तर ते याच तपशिलातून ओळखावे लागेल.

प्रस्तावना लिहिणाऱ्याने आठवणींत आपली भर घालू नये. मी अनुताईंच्या हाताखाली काम केलेले नाही, त्यांच्या पुस्तकांतून आणि त्यांनी उभ्या केलेल्या कामातून त्यांना ओळखते. वाचकाला या आठवणींमागचा काळ, प्रदेश आणि विचार ठाऊक असावा, एवढाच या पानांचा हेतू आहे. शिवाय एक म्हणणेही आहे, ते आधीच सांगून टाकते. एखाद्या बाईच्या आयुष्याला आपण त्याग म्हणतो तेव्हा तिने काय सोडले याचा हिशेब मांडतो. तिने काय घडवले, ते कसे घडवले आणि त्यासाठी तिला काय यावे लागले, याकडे मग लक्षच जात नाही. अनुताई आपल्या कामात अत्यंत तयार, जाणत्या शिक्षिका होत्या. त्यांच्याविषयीचा आदर त्यांच्या कौशल्यापासून सुरू व्हायला हवा.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळच्या पांढरपेशा घरात अशा मुलीचे पुढचे आयुष्य बहुतेक वेळा ठरलेलेच असे. दुसरी एक वाट होती, पण ती फार थोड्या जणींना मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुण्यात मुलींच्या शिक्षणाची आणि शिक्षिका तयार करण्याची सोय उभी राहत गेली होती. हुजूरपागेची शाळा १८८४ मध्ये सुरू झाली, पुढे हिंगण्याला कर्व्यांचे काम उभे राहिले. विधवा मुलीला स्वतःच्या पायावर उभे राहून मानाने जगता येईल असा व्यवसाय त्या जगात जवळजवळ एकच होता, शिक्षिकेचा. मागच्या दोन पिढ्यांतल्या कितीतरी मराठी ‘बाई’ या वाटेने आल्या. शाळेतल्या कडक शिस्तीमागे कोवळ्या वयातले वैधव्य असलेल्या त्या बाईंचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही.

अनुताईंनी व्हर्नाक्युलर फायनल केली, पुण्यात शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले आणि १९२९ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला त्या शिकवू लागल्या. १९३३ मध्ये त्या हुजूरपागेत आल्या आणि १९४५ पर्यंत तिथे होत्या. दिवसा शिकवून रात्रशाळेत शिकत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. पुढे कोसबाडच्या कामाच्या धबडग्यात, वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९६१ मध्ये त्यांनी बी. ए. ही केले. या तारखा मी मुद्दाम देते आहे. ‘पुण्यातली सुखाची नोकरी सोडून जंगलात गेल्या’ या नेहमीच्या कथेत एक गोष्ट हमखास गळते. बोर्डीला गेल्या तेव्हा अनुताईंच्या पाठीशी वर्गात उभे राहण्याचा सोळा वर्षांचा अनुभव होता. त्यांनी नोकरी सोडली, पण शिक्षकी सोडली नाही. उलट तिला जिथे सर्वांत अवघड परीक्षा द्यावी लागेल अशा जागी ती नेऊन उभी केली.

त्यांना तिथे नेणाऱ्या ताराबाई मोडक. या दोघींचे घर, वय, स्वभाव, सगळेच वेगळे होते. ताराबाई १८९२ मध्ये मुंबईत जन्मल्या. आईवडील प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातूनच पाठबळ. मुंबई विद्यापीठाची पदवी, राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद आणि मग ते मानाचे पद सोडून १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात. गिजुभाईंनी मॉन्टेसरीची पद्धत गुजराती घरांत रुजवायचा प्रयोग चालवला होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. मुलाला मारायचे नाही, घोकायला लावायचे नाही, हाताने करू द्यायचे, हे मराठी मध्यमवर्गाने ऐकले ते मोठ्या प्रमाणात ताराबाईंकडून.

पण या चळवळीत एक विसंगती होती आणि ती ताराबाईंना टोचत होती. मारिया मॉन्टेसरींनी पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत उघडले होते. आईबाप कामावर गेल्यावर मागे उरलेल्या मुलांसाठी ते होते. हिंदुस्थानात येईपर्यंत ती पद्धत ऐपतदारांची झाली. तिची साधने महाग, ती मांडायला खोली हवी, मूल रोज न्हाऊनमाखून वेळेवर आणून सोडणारे घर हवे. ज्यांच्यासाठी ती जन्मली तीच मुले तिच्याबाहेर राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस गांधीजींच्या नई तालीमची कक्षा वाढून तीत पूर्वबुनियादी शिक्षणाचा, म्हणजे शाळेत जाण्याआधीच्या वयाचा, विचार होऊ लागला होता. बालशिक्षण खेड्यात न्यायचे, हे ताराबाईंनी पक्के केले तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांसाठी शिबिर झाले. तिथे पुण्याहून आलेल्या पस्तिशीच्या अनुताई त्यांना भेटल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

बोर्डी समुद्राकाठी, डहाणू तालुक्यात. आज तो पालघर जिल्हा, तेव्हा ठाणे. किनाऱ्याला चिकूच्या आणि नारळाच्या वाड्या आणि मागे डोंगराकडे वारल्यांचे पाडे. १९४५ हे साल या पट्ट्याला आणखी एका कारणाने माहीत आहे. त्या वेळच्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत वारली जमीनदारांच्या आणि गवताच्या व्यापाऱ्यांच्या वेठीला जुंपलेले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही मालकाकडे लग्नगडी म्हणून राबत. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी गावी किसान सभेच्या परिषदेत वेठ नाकारायचे ठरले, ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात होते. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे ते पर्व मराठी वाचकाला परिचित आहे.

एकाच वर्षी, एकाच टापूत, दोन वेगळ्या विचारांच्या मराठी बायका कामाला लागल्या होत्या, एवढेच इथे नोंदवायचे आहे. किसान सभेच्या लाल बावट्याचे काम आणि बालवाडीचे काम यांना एका दावणीला बांधायची गरज नाही, त्यांच्या वाटा निराळ्या होत्या. मात्र बालवाडीत येणारे पोर कुठल्या घरातून येत होते, हे ठाऊक असल्याशिवाय अनुताईंच्या कामाची अडचण कळत नाही. ज्याचे आईबाप कालपर्यंत वेठीला होते त्याच्या दृष्टीने परगावचा स्वच्छ कपड्यांतला माणूस म्हणजे मालक, नाहीतर सरकार. त्याला पाहून पळायचे, हे शहाणपण त्या घरात रुजलेले होते. अनुताई आणि त्यांच्या सहकारी पाड्यावर गेल्या की मुले झाडीत दडत. त्यात आश्चर्य काही नव्हते.

आता त्यांनी काय केले ते पाहू, कारण मला जो मुद्दा मांडायचा आहे तो इथेच आहे. मूल शाळेत येत नाही म्हटल्यावर आपली व्यवस्था आजही दोन गोष्टी करते. पालकांना अडाणी ठरवते किंवा खाऊचे आमिष दाखवते. बोर्डी-कोसबाडला तिसरी गोष्ट झाली. मूल का येत नाही याचे कारण शोधायचे आणि त्या कारणाप्रमाणे शाळा बदलायची, असा रिवाजच पडला.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातली मुले तिथे येईनात. तेव्हा शिक्षिका साधने घेऊन त्यांच्या वस्तीत गेल्या आणि घरापुढचे अंगण झाडून तिथेच वर्ग भरवू लागल्या. आईला आपले मूल डोळ्यांसमोर दिसे, म्हातारी माणसे ओट्यावर बसून बघत, आणि मुलाला घर सोडावे लागत नसे. एक मध्यवर्ती बालवाडी आणि तिच्याभोवती अशा अंगणवाड्या, ही रचना तिथून आली.

पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, वारली वस्तीच्या अगदी कुशीत. तिथे नवी कारणे पुढे आली. सहा-सात वर्षांची मुलगी येत नाही, कारण आई कामावर गेली की धाकटे भावंड तिच्या कडेवर असते. मग त्या भावंडासाठी पाळणाघर हवे. आठ-दहा वर्षांचा मुलगा येत नाही, कारण गुरे त्याच्याकडे असतात. मग शिक्षकाने गुरांमागे कुरणात जायचे आणि तिथल्या दगडांत, गवतात, पाखरांत शिकवायचे. ही झाली कुरणशाळा. दिवसभर राबणारा तरुण येत नाही, म्हणून रात्रशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली म्हणजे तान्हे मूल, त्याला सांभाळणारी बहीण आणि शाळेत जाणारा भाऊ, तिघांचीही सोय एकाच जागी लागते. त्या संकुलाचे नाव विकासवाडी. बालवाडीतून पहिलीत जाताना मूल बावरते आणि गळते, हा धोकाही त्यात टळत होता.

हे सारे कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात यातल्या प्रत्येक पायरीला शिक्षणशास्त्राचा कस लागतो. मॉन्टेसरीच्या साधनांमागे एक विचार आहे. आकार, रंग, वजन, आवाज, स्पर्श यांतला फरक मुलाने हाताळून ओळखावा, क्रम लावावा आणि चूक झाली तर ती साधनानेच दाखवून द्यावी. परदेशी लाकडी साधन न घेता चिंचोके, शंखशिंपले, खडे, बिया, पाने, करवंट्या वापरायच्या, तर आधी तो विचार पुरता पचलेला हवा. नाहीतर चिंचोके मोजण्यापलीकडे काही होत नाही. कोसबाडच्या बालवाडीत वस्तू पाड्यावरच्या होत्या आणि त्यांची मांडणी शास्त्राची होती. कुरणशाळेत तर फळा नाही, वेळापत्रक नाही, मुले एका जागी बसलेली नाहीत. अशा ठिकाणी आज काय शिकवायचे हे शिक्षकाला समोर दिसणाऱ्या गोष्टींवरून ठरवावे लागते. ते जमायला फार तयारीचा शिक्षक लागतो.

तयारीचे शिक्षक घडवणे हे अनुताईंचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले गेलेले काम. मूळ कल्पना पुष्कळशा ताराबाईंच्या, हे अनुताई स्वतःही आवर्जून सांगत. पण कल्पना आणि रोजचा वर्ग यांच्यामध्ये बरेच मोठे अंतर असते. फारसे शिक्षण नसलेल्या, गावातल्याच बाईने उद्या सकाळी हे काम करावे, अशा रीतीने ते बसवायचे होते. सकाळी आधी काय करायचे, अंघोळ आणि केस विंचरणे कधी, गाणे कुठले, गोष्ट किती लांबीची, साधने कशी जपायची, नोंदी कशा ठेवायच्या. बालसेविकांची शिबिरे, ‘बालवाडी कशी चालवावी’सारखे साधे पुस्तक, ‘शिक्षणपत्रिके’तले लेखन, हे सारे त्यासाठी होते. त्यांच्या लेखनात मोठे शब्द आढळत नाहीत. पुढ्यात बालसेविका बसली आहे आणि तिला उद्याचा दिवस पार पाडायचा आहे, हे ध्यानात ठेवून त्या लिहीत.

सहकारी म्हणून अनुताईंचे मोल इथे उमगते. आपल्याकडे संस्था आणि चळवळी संस्थापकाच्या नावाने ओळखल्या जातात, त्याच्याबरोबर मोठ्या होतात आणि पुष्कळदा त्याच्याबरोबरच संपतात. दुसऱ्या क्रमांकावरच्या माणसाला इतिहासात फार तर एक ओळ मिळते, तीही ‘उजवा हात’ अशी. ताराबाईंबरोबर अनुताईंनी अठ्ठावीस वर्षे काम केले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, देशभर त्यांचे नाव झाले. कार्यक्रमांची, दौऱ्यांची, समित्यांची मागणी वाढली की कोणीतरी रोज टेकडीवर हजर असावे लागते. ती हजेरी अनुताईंची. अशा जागेवर बसलेला माणूस एकतर कुढतो, नाहीतर नुसता आज्ञाधारक होऊन जातो. अनुताईंचे दोन्ही झाले नाही, याचे कारण त्यांच्या हाती स्वतःचे शास्त्र होते. ताराबाईंच्या कल्पना त्या तपासत, वर्गात चालवून बघत, पाड्याला मानवेल अशा करत. शिष्याला हे जमत नाही, सहकाऱ्यालाच जमते.

याचा पुरावा ताराबाईंच्या पश्चात मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. सरकारी नोकरीत असत्या तर केव्हाच निवृत्त झाल्या असत्या. त्यांनी पुढची एकोणीस वर्षे काम चालवले, वाढवले. मूकबधिर मुलांच्या शिक्षणात हात घातला. स्त्रियांसाठी काम उभे केले. आणि १९८२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्रा. रमेश पानसे यांच्याबरोबर ‘ग्राममंगल’ची स्थापना करून डहाणूच्याच आणखी आतल्या भागात, दाभोणला, नवे काम सुरू केले. उभ्या झालेल्या संस्थेच्या सावलीत बसायचे दिवस असताना पुन्हा पहिल्या पाड्यापासून सुरुवात केली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन पुष्कळांनी वाचले आहे. ‘दाभोणच्या जंगलातून’ मात्र त्या मानाने कमी वाचले गेले. ज्यांना अनुताई फक्त ताराबाईंच्या छायेत दिसतात त्यांनी ते जरूर वाचावे. वयाने तरुण अशा सहकाऱ्याबरोबर बरोबरीच्या नात्याने काम करणारी वृद्ध शिक्षिका तिथे भेटते. ताराबाईंसोबत ज्या जागेवर त्या अठ्ठावीस वर्षे होत्या, ती जागा आता दुसऱ्याला द्यायची आहे आणि ती मानाने द्यायची आहे, हे त्यांना नीट कळले होते. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या.

कौतुकाच्या भरात दोन-तीन प्रश्न बाजूला राहू नयेत. पहिला प्रश्न भाषेचा आणि दृष्टीचा. त्या पिढीच्या सेवाभावी लेखनात आदिवासींविषयी ‘अज्ञान’, ‘अस्वच्छता’, ‘सुधारणा’ असे शब्द सहज येतात. या संग्रहातही ते अधूनमधून भेटतील. त्याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे १९७० च्या दशकात वारली चित्रकलेला जगापुढे घेऊन गेले, तेव्हा शहरी महाराष्ट्राला प्रथमच जाणवले की ज्यांना आपण कोरी पाटी समजत होतो त्यांच्या घराच्या भिंतींवर एक जग आधीपासून रेखाटलेले होते. वारली मुलाची घरची बोली आणि शाळेतली प्रमाण मराठी यांतल्या अंतराचा प्रश्नही सुरुवातीच्या काळात जेवढा हाताळला जायला हवा होता तेवढा गेला नाही. मात्र अंगणात जाऊन बसलेल्या शिक्षिकेला हे अंतर दिसले तरी. शाळेच्या इमारतीत बसून मुलाची वाट बघणाऱ्याला ते दिसतही नाही.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. जमीन, मजुरी, जंगलावरचा हक्क हे प्रश्न बालवाडीने सुटत नाहीत, आणि ते सुटल्याशिवाय बालवाडीतले मूल फार पुढे जात नाही. अनुताई गेल्या त्याच वर्षी, ठाणे जिल्ह्यातल्याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. कोसबाडपासून काही तासांच्या अंतरावर मुले कुपोषणाने जात होती. याचा दोष कोसबाडला देता येत नाही. पण एका टेकडीवर सिद्ध झालेले काम शेजारच्या डोंगरावर पोचवायला व्यवस्था लागते आणि ती उभी करण्यात आपण सगळे कमी पडलो, हे त्यातून दिसते.

तिसरी गोष्ट आजची आहे आणि त्यासाठीच हा संग्रह योग्य वेळी येतो आहे असे मला वाटते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी प्रायोगिक म्हणून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या वस्तीत झाडून घेतलेल्या अंगणातले नाव काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेले. त्यामागचा शिक्षणविचार मात्र तेवढा दूर पोचला नाही. पोषण आहार, लसीकरण, वजने, गर्भवतींच्या नोंदी ही कामे आवश्यकच आहेत. वावर-वांगणीनंतर त्यांचे महत्त्व कोण नाकारील? पण त्या नोंदवह्यांच्या आणि आता मोबाइलवरच्या नोंदींच्या भाराखाली तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या शिकण्याला दिवसातला किती वेळ उरतो, हे कुठल्याही अंगणवाडीत तासभर बसले तरी समजते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हक्काची सुरुवात सहाव्या वर्षापासून धरली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एक सलग टप्पा मानला आणि बालवाडी व पहिली-दुसरी एका सूत्रात आणायचे ठरवले. विकासवाडीत हे सूत्र साठ वर्षांपूर्वी चालू होते. धोरण आता तिथे आले आहे. ते वर्गात उतरायला मात्र तयारीच्या शिक्षिका लागतील, आणि त्या एका परिपत्रकाने तयार होत नाहीत.

इथे मी सुरुवातीच्या मुद्द्याकडे वळते. अंगणवाडीताईला आपण कामगार मानत नाही, शिक्षिकाही मानत नाही. ती मानधनावर असते. मानधनाच्या वाढीसाठी, निवृत्तीनंतरच्या आधारासाठी तिला पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावे लागते. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. तिच्या कामाला सेवा म्हणायचे, त्या सेवेचे गोडवे गायचे आणि मोबदल्याचा विषय निघाला की सेवेची आठवण करून द्यायची, ही सवय समाजाला सोयीची आहे. अनुताईंचा त्याग आपण ज्या स्वरात गातो तोच स्वर इथे कामी येतो. एका बाईने काहीही न मागता आयुष्य दिले, मग तुम्ही का मागता, असा तो छुपा सवाल असतो. अनुताईंच्या स्मृतीचा यापेक्षा वाईट उपयोग दुसरा नसेल. त्यांनी आयुष्यभर बालसेविकेला प्रशिक्षण दिले, पुस्तके दिली, तिच्या कामाला शास्त्राचा आधार दिला. जिच्या हातात इतके कौशल्य हवे अशी ज्यांची खात्री होती, त्यांच्या नावाने त्या हातांची किंमत कमी करता येणार नाही.

म्हणून हा संग्रह वाचताना वाचकाने एक करावे. ज्या आठवणीत अनुताईंचे मोठेपण सांगितले आहे ती वाचून पुढे जावे, आणि ज्या आठवणीत त्यांनी एखादी अडचण कशी सोडवली ते सांगितले आहे तिथे थांबावे. रडणारे मूल, न येणारे मूल, संशय घेणारा बाप, भिजलेली साधने, सोडून जाणारी शिक्षिका, संपत आलेले पैसे. अशा जागा या संग्रहात जागोजाग आहेत. त्या बाजूला काढून वाचल्या तर हा ग्रंथ बालवाडी चालवण्याचे एक अनुभवसिद्ध पाठ्यपुस्तक होतो. प्रशिक्षण संस्थांनी तो तसा वापरावा, असे मला मनापासून वाटते.

संपादकांनी आणि लेखकांनी या आठवणी वेळेत लिहून काढल्या हे चांगले झाले. कोसबाडच्या पहिल्या पिढीतली माणसे आता थोडी उरली आहेत आणि त्यांच्या हातांत जे होते त्याचा बराचसा भाग कुठल्याही अहवालात नाही. अनुताईंच्या नावाने पुरस्कार आहेत, संस्था आहेत, त्या असाव्यात. पण त्यांचे ऋण फेडायचे असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला रोज दोन तास खरोखर शिकायला मिळाले पाहिजेत, आणि ते शिकवणाऱ्या बाईला शिक्षिकेचे प्रशिक्षण, शिक्षिकेचा दर्जा आणि शिक्षिकेचा पगार मिळाला पाहिजे. हे पुस्तक मिटल्यावर ज्यांना ही मागणी रास्त वाटेल, ते अनुताईंचे सहकारी होतील.